कुंतीच्या कुंपणाला बहार धरताना : वर्षभराच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत पूर्वेच्या भिंतीलगत कुंतीचं कुंपण आहे. लांबी साधारण साठ फूट, उंची छातीपर्यंत. नर्सरीत हिला कामिनी म्हणतात. पांढरी सुवासिक फुलं आणि त्यानंतर शेंदरी-लाल फळांचे घोस, यासाठी ही बागेत लावतात. आमच्याकडे मात्र इतक्या वर्षांत फुलं तुरळक आणि फळ एकही नाही. काल कमिटीच्या बैठकीत ठराव आला की हे कुंपण काढावं आणि तिथं पिवळ्या पानांचा दुरांता लावावा, म्हणजे बारा महिने रंग राहील.

मी विरोध केला. माझी दोन कारणं होती. एक, दुरांताची पिवळी फळं विषारी असतात आणि आमच्या पार्किंगमध्ये दुपारभर लहान मुलं खेळतात. दोन, कुंती फळत नाही यात झाडाचा दोष नाही. कंत्राटदाराचा माणूस दर महिन्याला मशीन घेऊन येतो आणि वरून, बाजूनं सगळं सपाट करून जातो. कुंतीला फूल येतं ते नव्या फुटीच्या शेंड्याला. दर महिन्याला शेंडा गेला तर कळी कुठून निघणार?

आज सकाळी फांद्या बाजूला करून आत डोकावले. बाहेर चार बोटं जाडीचा पानांचा थर आणि आत नुसता काड्यांचा सापळा. उन्हाचा कवडसासुद्धा आत पोचत नाही. भिंतीवरच्या वीजमीटरच्या पेटीमागे मात्र एक हातभर फांदी मशीनच्या तावडीतून सुटलेली आहे. तिच्या टोकाला गेल्या हंगामाच्या फळांचे वाळके देठ आहेत. झाड फळतं, त्याचा पुरावा त्याच भिंतीवर आहे.

कमिटीनं एक वर्ष दिलं. ठरलं ते असं : दक्षिणेकडची अर्धी लांबी माझ्या देखरेखीखाली, उत्तरेकडची अर्धी नेहमीसारखी मशीननं कापायची. म्हणजे फरक सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल.

19 जानेवारी

पानांचा पिवळेपणा नीट पाहिला. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यांच्या शिरा हिरव्या, आणि खालची जुनी पानं बरीच हिरवी. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. कोवळं पान पिवळं आणि शीर हिरवी म्हणजे लोहाची कमतरता.

माती तपासून आणली. सामू (पीएच) 8.2, चुनखडी भरपूर. नाशिकची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, त्यात भिंतीच्या पायात बांधकामाच्या वेळचा राडारोडा पुरलेला आहे : सिमेंट, चुना, विटांचे तुकडे. शिवाय पाणी बोअरचं. ठिबकच्या नळीवर पांढरी पुटं चढलेली दिसतात, तेच क्षार मुळाशी साचतात.

आपली माती बेसाल्टची. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं. पण सामू इतका चढला की ते लोह मुळांना उचलता येत नाही. जमिनीत लोह असून झाड उपाशी राहतं. माळीदादा इतकी वर्षं युरिया टाकत आले, त्यानं फूट वाढली आणि पिवळेपणाही वाढला. आता करायचं ते असं :

बुंध्यापासून एक हात लांब, उथळ चर काढून शेणखत आणि गांडूळखत. त्यात थोडी गंधकाची भुकटी. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला महिने लागतात. चुनखडी जास्त असेल तर बरंचसं तिथंच जिरतं, म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवलेली नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घेतलं ते ईडीडीएचए प्रकारचं. दुकानदार ईडीटीए स्वस्तात देत होता, पण ते सामू साडेसहाच्या पुढे गेला की टिकत नाही, आपल्या मातीत वाया जातं. ईडीडीएचएची भुकटी तांबूस-काळी असते, पाण्यात टाकली की लाल रंग सुटतो. ते थेट मुळाशी ओतायचं. पानांवर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि फवारणी ऊन उतरल्यावरच.

9 फेब्रुवारी, रविवार

छाटणी.

मामा दिंडोरीकडून मुद्दाम आले. द्राक्षबागेत त्यांचं आयुष्य गेलं. कुंपण बघून म्हणाले, "अगं, ही छाटणी नाही, ही हजामत झालीय. आत वारा नाही, ऊन नाही. काडी पिकणार कशी?"

काडी पिकणं हा द्राक्षवाल्यांचा शब्द, पण इथं तंतोतंत लागू पडला. नवी फूट निघते, लांबते, थांबते, मग तिची साल घट्ट होते. अशा थांबलेल्या काडीच्या शेंड्याला कुंतीची कळी येते. सारखी कोवळी फूट काढायला लावली तर काडी कधीच पिकत नाही.

मशीन बाजूला ठेवलं. सिकेटर (छाटणीची हातकात्री) आणि छोटी करवत घेऊन प्रत्येक झाडाला वेगळं बघितलं. आधी वाळकं सगळं काढलं. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मग बुंध्यातून वर गेलेल्या जाड, म्हाताऱ्या काठ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा अगदी खालून कापला. उरलेल्या पुढच्या दोन वर्षांत. एकदम सगळ्या कापल्या तर झाड नुसती पानं काढत बसतं. वरचा माथा सपाट न ठेवता फांद्या उंचसखल ठेवल्या, आणि खालचा घेर वरच्यापेक्षा रुंद, म्हणजे बुडाशीही ऊन पोचेल.

कुंतीचं लाकूड फिकट पिवळसर आणि फार कठीण. अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर दबतच नव्हतं, करवतच लागली. हातातल्या काठ्या आणि हत्यारांच्या मुठी या लाकडाच्या करतात ते का, हे मनगटाला कळलं. माळीदादांनी चांगल्या सरळ दोन काठ्या खुरप्यांच्या मुठींसाठी बाजूला काढल्या.

छाटून झाल्यावर कुंपण विरळ, उघडंबोडकं दिसत होतं. बी विंगच्या काकू खाली आल्या आणि हळहळल्या, "अगं बाई, सगळं पलीकडचं दिसतंय की!" त्यांना पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. माळीदादाही कुरकुरले, "ताई, आता आसंच सोडलं तर जंगल व्हईल." त्यांना मी एकच विनंती केली : दक्षिणेच्या बाजूला कात्री लावायची ती मला विचारून.

2 मार्च

फूट निघाली. बुंध्यापासून, जुन्या गाठींतून, जिथं वर्षानुवर्षं पान नव्हतं तिथूनही. नवं पान अजून फिकट आहे, पण शिरांमधला पिवळेपणा जानेवारीइतका नाही.

आणि जिची काळजी होती तीही आली, सिट्रस सायला. कोवळ्या शेंड्यांवर तिळापेक्षा जरा मोठे, करड्या-तपकिरी रंगाचे किडे. डोकं पानाला टेकलेलं आणि शेपूट वर उचललेलं, असे तिरके बसतात. या बसण्यावरूनच ओळखायचं. पिल्लं चपटी, पिवळसर, आणि त्यांच्या मागे मेणाचे पांढरे वळवळीत धागे. शेंडे आकसतात, चिकटा पडतो, मुंग्या चढतात.

कुंती ही लिंबाच्या कुळातली आहे. पान चुरगळून वास घेतला की लगेच पटतं, आणि पान उजेडासमोर धरलं तर तेलाचे बारीक ठिपकेही दिसतात. म्हणून लिंबू-मोसंबीची ही कीड तिच्यावर आनंदानं वाढते. ही कीड ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्या रोगाला औषध नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ही कीड पहिल्यांदा सापडली ती 1998 साली, घरांच्या आवारातल्या कुंतीवरच. 2005 मध्ये तिथं ग्रीनिंग सापडला. पुढच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं पीक दहा हिश्शांतल्या एका हिश्शाच्याही खाली आलं. शोभेचं झाड म्हणून कुंतीकडे बघताना हे विसरून चालत नाही.

आमच्या सी विंगच्या कोपऱ्यात एक कागदी लिंबू आहे. त्यामुळे सायला दिसली की स्वस्थ बसायचं नाही, हे ठरवून टाकलं. सायला अंडी घालते ती फक्त अगदी कोवळ्या, न उलगडलेल्या फुटीवर. म्हणजे फूट कधी निघते एवढं लक्षात ठेवलं की फवारणीही तेवढीच लागते. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात साबणाचं पाणी फेटून, पानाच्या खालच्या बाजूनं. फार आकसलेले शेंडे हातानं खुडून पिशवीत बांधले.

यातून एक गोष्ट उलगडली. मशीननं दर महिन्याला कापलेलं कुंपण दर महिन्याला कोवळी फूट काढतं, म्हणजे सायलेला वर्षभर पंगत. आज उत्तरेच्या बाजूला सायला दक्षिणेपेक्षा स्पष्ट जास्त आहे. मोकळं सोडलेलं झाड ठरावीक वेळीच फुटतं, मधल्या काळात किडीला अंडी घालायला जागा नाही.

16 मार्च

पिल्लांमध्ये काही फुगलेली, तपकिरी, कडक झालेली दिसली. भिंगातून पाहिलं तर पाठीवर बारीक गोल भोक. हे काम टॅमॅरिक्सिया नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीचं. ती सायलेच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते, तिची अळी पिल्लाला खालून चिकटून त्याला शोषून खाते आणि पाठीला भोक पाडून माशी बाहेर पडते. लेडीबर्ड किड्याच्या अळ्याही आल्या आहेत. फवारणी थांबवली. दुकानात सुचवलेलं इमिडाक्लोप्रिड आणलं नाही, कारण ते झाडात मुरतं आणि पुढं फुलांच्या मकरंदात उतरतं.

30 मार्च, गुढीपाडवा

पाडव्याला सगळे खाली जमले होते. कुंपण भरलंय हे काकूंनी आपणहून सांगितलं. पानं आता गडद आणि तकतकीत. ईडीडीएचएचा दुसरा डोस दिला. बुडाशी वाळक्या पानांचं आच्छादन चार बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर लांब.

20 एप्रिल, रविवार

आजपासून पाणी बंद. ताण.

हे मी शिकले ते डाळिंबवाल्यांकडून. सटाणा-मालेगावच्या पट्ट्यात बाग धरायची म्हणजे आधी पाणी तोडायचं, झाडाची वाढ थांबवायची, मग पाणी आणि खत एकदम देऊन सगळी कळी एका वेळी काढायची. मोसंबी-लिंबाच्या आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार या सगळ्यांच्या मुळाशी हेच. कुंती लिंबाच्याच कुळातली, आणि तिचा स्वभावही तसाच : कोरड्या काळानंतर पाऊस पडला की फुलते. मग कुंपणाला मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडावरचा बहार, का धरू नये? सव्वा महिना कोरडं ठेवायचं आणि मेच्या अखेरीला मोजून पाणी, असा बेत आहे.

ताण किती द्यायचा याचं माप पानावर. दुपारी पान थोडं लवलं तर चालतं. पहाटे ते पुन्हा ताठ झालं पाहिजे. पहाटेही लवलेलंच असेल तर त्या दिवशी पाणी द्यायचं. झाडं जुनी आहेत, मुळं खोल आहेत, म्हणून हे जमतं. कुंडीतल्या किंवा गेल्या वर्षी लावलेल्या रोपाला असा ताण कुणी देऊ नये.

माळीदादांना मात्र झाडाला पाणी नाही म्हणजे पाप वाटतं. चैत्राचं ऊन, आणि त्यांच्या हातात नळी. त्यांनी उत्तरेच्या अर्ध्या भागाला पोटभर पाणी घातलं आणि दक्षिणेकडे पाहिलंसुद्धा नाही.

3 मे

दुपारी पानं लवतात, सहा वाजता बघितली तर ताठ. नवी फूट पूर्ण थांबली आहे. काडीची हिरवी साल करडी होऊ लागली. मामांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं : "काडी पिकली. आता घाई करू नको."

11 मे, रविवार

घाई मी नाही, आभाळानं केली. हा आठवडा अवकाळीचा. वारा, गारवा, वीज आणि मेच्या मध्यावर पाणी वाहील असा पाऊस. कुंपणाच्या बुडाशी माती वीतभर ओली झाली, म्हणजे ताण तुटला.

इथं एका कुंपणाचा बेत मोडला, पण जिल्ह्यात उन्हाळ कांदा शेतात काढून पडलेला आहे, तो भिजला. मामांच्या बागेत एप्रिलची खरड छाटणी होऊन कोवळ्या काड्या वाढतायत. पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात याच दिवसांत तयार होतो, त्याला स्वच्छ ऊन लागतं, आणि आभाळ तर दिवसचे दिवस भरलेलं. फोनवर त्यांचा आवाज खचलेला होता. कुंतीचं काही विचारलं नाही.

ताण तुटलाच आहे तर खतही आत्ताच, असं ठरवलं. शेणखताबरोबर थोडं स्फुरद आणि पालाश. नत्र नाही, नाहीतर सगळा जोर पानांत जाईल.

24 मे

आज मान्सून केरळात पोचल्याची बातमी आली, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. दक्षिणेच्या भागात शेंड्याशेंड्याला कळ्यांचे गुच्छ आहेत. हिरवट-पांढऱ्या, तांदळाएवढ्या. उत्तरेकडे कोवळी पानं भरपूर, कळी नाही. परवा कंत्राटदाराचा माणूस येऊन गेला, त्यानं तीही पानं सपाट केली.

1 जून, रविवार

काल संध्याकाळपासून फुललंय.

पहिल्यांदा वास आला तो जिन्यात. कुणीतरी अत्तर सांडलं असं वाटून दोन-तीन दारं उघडली. खाली आलो तर अर्धं कुंपण पांढरं. पाच पाकळ्या, मागे वळलेल्या, मधे दहा पुंकेसर, आणि सगळ्या फुटी एकाच वेळी. ताणाचा हाच फायदा : मागे-पुढे चार फुलं येण्याऐवजी सगळी एकदम. वास संत्र्याच्या मोहोराच्या जवळचा, पण अधिक गोड, आणि अंधार पडला की दुप्पट होतो. ऊन चढल्यावर निम्मा होतो. पाकळ्या दोन दिवसांत गळतात.

मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, फुलांचं गाव. आज ते पटण्यासारखं होतं. रात्री दहानंतरही माणसं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसली होती. माळीदादा आज सुट्टीवर असूनही बायकोला घेऊन आले, तिला दाखवायला.

नोंदीच्या दृष्टीनं महत्त्वाचं : मेअखेरीला एवढा पाऊस पडून आता उघडीप मिळाली आहे. सकाळी ऊन आहे. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या सात वाजल्यापासून कामाला लागतात. रात्री मोठ्या जिभेचे पतंग येतात. फुलं असेपर्यंत कसलीही फवारणी नाही, निंबोळी तेलाचीही नाही.

29 जून

फळ धरलं. गुच्छागुच्छात हिरवे मणी, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही त्याहून मोठे. दहातली चार-पाच फुलं टिकली असावीत, बाकी गळ. गळ होणारच, गुच्छाला पेलवेल तेवढंच झाड ठेवतं.

उत्तरेच्या भागात मणी एकाच जागी आहेत, मीटरच्या पेटीमागच्या त्या हातभर फांदीवर.

27 जुलै, रविवार

दुसरा बहर येऊन गेला, पण सलग झडीत सापडला. पाकळ्या ओल्या होऊन चिकटल्या, माश्या फिरकल्या नाहीत, फळ जवळपास नाहीच. जूनची फळं मात्र वाटाण्याएवढी आणि टणक.

पावसाळ्याचा फायदा घेऊन गुटी कलमं बांधली. कुंतीची फांदी नुसती मातीत खोचली तर मुळं धरायला फार वेळ घेते, बऱ्याचदा वाळूनच जाते. गुटी भरवशाची. पेन्सिलीएवढी, गेल्या वर्षीची फांदी निवडायची. तिची सव्वा इंच साल गोल काढायची आणि आतला निसरडा थर चाकूनं खरवडायचा, तो राहिला तर जखम पुन्हा सालीनं जुळते. वरच्या काठाला आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) भुकटी लावायची, भिजवून पिळलेलं मॉस गुंडाळायचं आणि प्लास्टिक घट्ट बांधायचं. पारदर्शक प्लास्टिक घेतलं, म्हणजे मुळं दिसतात. त्यावर उन्हासाठी कागद.

गच्चीच्या पन्हळीखाली दोन पिंपं ठेवली आहेत. पावसाचं पाणी क्षारांशिवायचं, ते पुढं रोपांना.

31 ऑगस्ट

गणपतीचे दिवस, वेळ कमी. पानं कातरलेली दिसली म्हणून शोधलं. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी काळी-पांढरी अळी. लिंबू-कढीपत्त्यावर येणाऱ्या मोठ्या फुलपाखरांचीच ही. हात लावला तर मानेतून लाल शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पाच-सहा अळ्या एवढ्या मोठ्या कुंपणाचं काही बिघडवत नाहीत. इमारतीतल्या मुलांना दाखवल्या. ती आता रोज शाळेतून आली की आधी अळ्या बघायला जातात. एकीनं कोष केलाय.

5 ऑक्टोबर, रविवार

सप्टेंबरच्या अखेरीला पावसानं झोडपलं. गोदेला पूर आला, आणि आमच्याकडे भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचलं. कुंतीला ओल चालते, साचलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात. त्याच दिवशी माळीदादांनी कुदळीनं चर काढून पाणी गटारीकडे वळवलं. दोन झाडांची थोडी पानगळ झाली, पण शेंडे हिरवे आहेत.

फळांना रंग येतोय. गुच्छात एक हिरवं, एक पिवळट, एक शेंदरी. रंग टोकाकडून देठाकडे चढतो.

गुटीच्या गाठींत पांढरी मुळं दिसू लागली होती, त्यातली काही तपकिरी झाली तेव्हा कलमं कापून पिशव्यांत लावली. निम्मी पानं काढून टाकली, सावलीत ठेवली. काही कलमांना मुळं आलीच नाहीत, नुसती गाठ फुगली. ती झाडावरच पुन्हा बांधली.

19 ऑक्टोबर

उद्या-परवा दिवाळी. खालच्या गुच्छांतली फळं पूर्ण लाल, बोटानं दाबली तर मऊ. आकार लांबट, पुढं जरा टोकदार, साल चकचकीत. उजेडात धरलं तर आतलं बी सावलीसारखं दिसतं.

मुलांनी विचारलं, खायची का? नाही. पक्ष्यांना चालतं ते आपल्याला चालतंच असं नाही, आणि हे झाड आपण फळ खायला लावलेलं नाही. हे सगळ्या मुलांना झाडापाशी उभं करून सांगितलं. आयांनाही.

बियांसाठी पहिली तोडणी केली. फळात एक किंवा दोन बिया, त्यांच्यावर मऊ लव, आणि भोवती बुळबुळीत गर. तो गर राखेत चोळून, धुऊन काढावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. कुंतीचं बी साठवायचं नसतं. वाळलं की त्याची उगवण झपाट्यानं कमी होते. म्हणून त्याच दिवशी पेरलं : कोकोपीट आणि गांडूळखत निम्मंनिम्मं, बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वर ओलं गोणपाट, जागा उबदार. पाणी पिंपातलं.

2 नोव्हेंबर, रविवार

आता रंग ऐन भरात आहे. गडद हिरव्या पानांत लाल-शेंदरी घोस, सकाळच्या तिरप्या उन्हात तर लांब रस्त्यावरून दिसतात. संध्याकाळी फिरायला जाणारी अनोळखी माणसं थांबून विचारतात, हे कुठलं झाड? कुंती म्हटलं तर विश्वास बसत नाही, कारण त्यांच्याही सोसायटीत कुंतीच आहे, कापलेली.

पक्षी आले. लालबुड्या बुलबुल पहिल्या दिवसापासून, जोडीनं. एक फळ सोलून खातो, एक अख्खं गिळतो. शिपाई बुलबुल येतो पण लाजतो. ठिपक्यांची कोकिळा पानांत बसून सावकाश खाते आणि कुणी आलं तरी हलत नाही. चष्मेवाले थव्यानं येतात, त्यांना फळापेक्षा पानामागचे किडे हवे असतात. ते काम मला सगळ्यात उपयोगाचं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडकडे पक्ष्यांनी नेलेल्या बियांमुळे कुंती रानात माजून तण झाली आहे. आपल्याकडे ती इथलीच, तिच्यावर जगणारे किडे आणि ते खाणारे पक्षीही इथलेच, त्यामुळे तो धोका तसा नाही. तरी भिंतीपलीकडच्या नाल्याकाठी रोपं उगवतात का, ते पुढच्या पावसाळ्यात बघणार आहे.

कंत्राटदाराचा माणूस आज मशीन घेऊन आला होता. उत्तरेचं कुंपण कापायला सुरुवात करणार तेवढ्यात माळीदादांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "राहू दे. ताईंना विचारल्याबिगर कात्री नको." मला हे वॉचमननं सांगितलं.

16 नोव्हेंबर

बी उगवलं. पेरलेल्यापैकी निम्म्याहून जास्त. पहाटे गारठा फार आहे, निफाडकडून पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतायत, म्हणून ट्रे रात्री जिन्याखाली आणि सकाळी उन्हात. बियांची रोपं फुलायला दोन-तीन वर्षं घेतील, गुटीची पुढच्याच पावसाळ्यात फुलू शकतात.

30 नोव्हेंबर

जालन्याहून मावशीचा फोन. तिनं फोटो पाहिले आणि दहा रोपं मागितली, मोसंबीच्या बागेच्या कडेनं लावायला. "इतकं सुंदर कुंपण होईल गं, बांधावर."

मी नाही म्हटलं. मावशीला नाही म्हणणं सोपं नव्हतं, म्हणून सगळं सावकाश सांगितलं : सायला, ग्रीनिंग, फ्लोरिडा. मोसंबीच्या बांधावर कुंती लावणं म्हणजे किडीला बारमाही घर बांधून देणं. शिवाय इथून रोपं तिकडे गेली तर कोवळ्या शेंड्यावरची अंडीही सोबत जातील, ती डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्याऐवजी करवंद लाव म्हटलं. ते लिंबाच्या कुळातलं नाही, काट्यांमुळे गुरं आत येत नाहीत, पांढरी फुलं येतात, आणि मेमध्ये काळी फळं खाताही येतात. त्र्यंबक-अंजनेरीच्या डोंगरातल्या करवंदांचं बी उन्हाळ्यात आणून देईन. ती जरा रुसली, पण शेवटी म्हणाली, "बरं, तुझ्या काकांना हे सगळं तूच सांग." तेही सांगितलं.

14 डिसेंबर, रविवार

कमिटीची बैठक कुंपणाशेजारीच झाली, खुर्च्या टाकून. दुरांताचा ठराव मागे घेतला. मशीनचं कंत्राट कुंपणापुरतं बंद. उत्तरेच्या भागाचं काम आता माझ्याकडे आणि माळीदादांकडे. त्यांच्यासाठी चांगलं सिकेटर आणि घडीची करवत घ्यायला पैसे मंजूर झाले.

पुढच्या कामांची यादी : फळं पक्ष्यांनी संपवली की, बहुधा जानेवारीच्या शेवटी, उत्तरेच्या भागाची तशीच छाटणी, तिसरा हिस्सा बुंध्यातून. दक्षिणेच्या भागातल्या म्हाताऱ्या काठ्यांचा दुसरा हिस्सा. माती पुन्हा तपासायची, सामू किती उतरला ते बघायला. फूट निघाली की सायलेसाठी दर दोन दिवसांनी शेंडे तपासायचे, आणि सी विंगच्या लिंबाचेही. पाणी एप्रिलच्या मध्यालाच तोडायचं, म्हणजे अवकाळी लवकर आलाच तर काडी तोवर पिकलेली असेल.

गुटीची रोपं मागणारे बरेच आहेत. ज्यांच्या अंगणात किंवा शेजारी लिंबू, मोसंबी, संत्रं नाही त्यांनाच द्यायची. नावांची वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. रोपं मृगात मिळतील.